थीब्ज उठवायला हवं होतं का? जुन्या नगरावर वसलेल्या गावाचं काय करायचं

गोफण (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात डेल्फीच्या (ग्रीसमधलं अपोलोचं जुनं देवस्थान, ते खणण्यासाठी वरचं गाव हलवलं होतं) फोटोंखाली एक प्रतिसाद आला होता : "थीब्जचं गावही असंच उठवायला हवं होतं, म्हणजे राजवाडा मोकळा झाला असता." मला हे अजिबात पटलेलं नाही. तिथे चार ओळींत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थीब्ज, म्हणजे आजचं थीवा, अथेन्सच्या वायव्येला सत्तरेक किलोमीटरवर आहे. वीस-बावीस हजार वस्ती, भोवती बटाट्या-कांद्याची शेतं. कॅडमस, इडिपस, अँटिगनी यांच्या कथा इथल्याच. गावाचा मध्यभाग ज्या टेकडीवर आहे ती कादमिया, म्हणजे जुना बालेकिल्ला. तिच्यावर आज कॅफे, औषधांची दुकानं, तीन-चार मजली इमारती आहेत आणि रस्त्यांची नावं इडिपस, पिंडार, एपामिनोंडास अशी. या सगळ्याखाली इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला मायसीनी (ग्रीसमधली कांस्ययुगीन संस्कृती) राजवाडा आहे.

आता मुद्दा. ही टेकडी वस्तीची टेकडी आहे. अलेक्झांडरने इ.स.पू. ३३५ मध्ये शहर जमीनदोस्त केलं, वीसेक वर्षांत मॅसिडोनियाच्या कॅसँडरने ते परत वसवलं. पॉसेनियस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आला तेव्हा खालचं शहर ओसाड होतं, देवळं तेवढी उरली होती, पण टेकडीवर माणसं राहत होती. बाराव्या शतकात इथल्या रेशमाला इतकी किंमत होती की ११४७ साली सिसिलीचे नॉर्मन आले ते विणकरांनाच धरून घेऊन गेले. तेराव्या शतकातला फ्रँक (पश्चिम युरोपातून आलेल्या क्रुसेडर) सरदाराचा बुरूज आज संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८५३ आणि १८९३ च्या भूकंपांत गाव कोसळलं आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याच जागी परत घरं बांधली.

तर राजवाडा मोकळा करायचा म्हणजे काय काय फेकायचं? विणकरांचा थर? फ्रँकांचा? आज तिथे राहणाऱ्यांचा?

शिवाय या टेकडीने जे दिलं ते गाव नांदतं असतानाच दिलं. १९६३-६४ मध्ये इडिपस आणि अँटिगनी रस्त्यांच्या परिसरात एका प्लॉटवर खोदताना लाजवर्दी दगडाच्या दंडगोल मुद्रा मिळाल्या. दगड मुळात अफगाणिस्तानातला, काही मुद्रांवर बाबिलोनचा लेख. १९९३ साली पेलोपिडास रस्त्यावर पाण्याची पाइपलाइन टाकताना लिनियर बी या मायसीनी काळच्या लिपीतल्या मातीच्या पाट्या लागल्या आणि पुढच्या दोन वर्षांत दोनशेहून जास्त तुकडे निघाले. रस्ता होता म्हणून त्या राहिल्या. तिथे शंभर वर्षांपूर्वी कुणी घाईने खणलं असतं तर काय झालं असतं?

माझं मत स्पष्ट आहे. गाव जागेवर राहावं. एखादं घर पाडून नवं बांधायची वेळ आली की तेवढा प्लॉट नीट खणावा, आणि त्या खोळंब्याचा खर्च सरकारने उचलावा, घरमालकाच्या माथी मारू नये.

---

तांबटआळी

तो प्रतिसाद माझा होता, तेव्हा उत्तरही मलाच द्यायला हवं.

पायलॉस बघा, दक्षिण ग्रीसमधला दुसरा मायसीनी राजवाडा. तिथे ऑलिव्हची बाग होती, वर गाव नव्हतं. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ब्लेगन यांनी १९३९ साली पहिल्याच दिवशी चर खणला आणि तो थेट दप्तरखान्यावर पडला. जवळपास हजार पाट्या एका जागी. शिवाय सगळा वाडा : सिंहासनाची खोली, मधली चूल, तेलाची कोठारं, न्हाणीघरातला टब. व्हेंट्रिसने १९५२ मध्ये या पाट्यांची लिपी, लिनियर बी, उलगडली, तिचा पडताळा पायलॉसच्याच एका पाटीने मिळाला, तिच्यावर तिपाई भांड्यांची चित्रं आणि शेजारी त्यांचे शब्द होते.

आणि थीब्ज? पुरातत्त्वज्ञ केरामोपुलोस यांनी १९०६ मध्ये उत्खनन सुरू केलं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी इथला वाडा एक होता की एकामागून एक दोन होते, यावरही एकमत नाही. कारण साधं आहे : एक खोली या दुकानाखाली, दुसरी त्या बँकेखाली, मधली भिंत कुणाच्या तरी तळघरात. भिंतींच्या दिशा जुळत नाहीत आणि मधली जागा खणता येत नाही. मायसीनीच्या तोडीचं हे नगर आणि त्याचा नकाशा आपल्याकडे नाही. हे नुकसान कुणाचं? फक्त पुरातत्त्ववाल्यांचं नाही.

"वस्तीची टेकडी आहे" हे मान्य. पण १८९३ च्या भूकंपानंतर गाव पडलेलंच होतं. तेव्हा ते किलोमीटरभर बाजूला बांधलं असतं तर कुणाचं उभं घर पाडावं लागलं नसतं. कॉरिंथ १८५८ च्या भूकंपानंतर असंच समुद्रकाठी हललं आणि जुन्या जागी १८९६ पासून उत्खनन चालू आहे. थीब्जने ती संधी घालवली.

---

सळई

मी बांधकामातला माणूस. दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे.

"गाव" म्हणून तुम्ही एकच वस्तू धरताय. एकोणिसाव्या शतकातलं दगडमातीचं घर आणि १९६० नंतरची काँक्रीटची इमारत, दोघांचा पाया वेगळा. जुन्या घराचा पाया उथळ, बऱ्याचदा खालच्या जुन्या भिंतीवरच टेकवलेला. आरसीसी इमारतीचे फुटिंग (पायाचे काँक्रीटचे ठोकळे) खाली जातात, त्यात तळघर आणि पार्किंग आलं की सगळा प्लॉट कडेपर्यंत खणला जातो. खालचे तीन हजार वर्षांचे थर एका पावसाळ्याआधी ट्रकमध्ये भरून जातात.

ग्रीसमध्ये युद्धानंतर जमीनमालकाने प्लॉट बिल्डरला द्यायचा आणि बदल्यात दोन-तीन फ्लॅट घ्यायचे अशी पद्धत पसरली. पुण्या-मुंबईत आपण ज्याला रीडेव्हलपमेंट म्हणतो तेच. अथेन्स त्यातूनच उंच झालं आणि लहान गावंही. तेव्हा गोफण म्हणतात तसं "गावाने राखलं" हे १९५० पर्यंत खरं. त्यानंतर गावानेच कापलं. जे वाचलं ते पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी प्लॉटवर उभं राहून वाचवलं म्हणून.

माझ्या मते भांडण गाव हलवण्याचं नाहीच. कादमियावर तळघराला परवानगी द्यायची का, एवढंच आहे. मी तरी देणार नाही.

---

उंबरठा

सळई यांना पूर्ण अनुमोदन.

मला डेल्फीबद्दल बोलायचं आहे, कारण तिथले फोटो बघून लोक हळहळतात तेव्हा कास्त्री कुणाला आठवत नाही. अपोलोच्या देवळावर कास्त्री नावाचं नांदतं गाव होतं. घरांच्या भिंतींत जुने कोरीव दगड, अंगणात खांबांचे तुकडे. १८७० च्या भूकंपात बरीच पडझड झाली, तरी लोक तिथेच राहिले. मग उत्खननाच्या हक्कावरून फ्रान्स आणि ग्रीसची वाटाघाट दहा वर्षं रेंगाळली. ग्रीक सरकारला आपल्या बेदाण्यांवरची फ्रेंच जकात कमी करून हवी होती! एका गावाचं भवितव्य बेदाण्याच्या भावावर टांगलेलं होतं. १८९१ मध्ये करार झाला, पैसे फ्रान्सच्या संसदेने दिले. १८९२ च्या शरदात फ्रेंच उत्खननप्रमुख होमॉल यांची माणसं खणायला आली तेव्हा गावकरी आडवे आले, कारण मोबदला हातात पडला नव्हता. शेवटी बंदोबस्तात काम सुरू झालं.

मला त्या बाईचा विचार येतो जिचं घर देवळाच्या ओट्यावर होतं. तिच्या परसातली भिंत म्हणजे शेकडो गुलामांना मुक्त केल्याचे करार कोरलेली ती प्रसिद्ध बहुकोनी दगडांची भिंत. तिला ते वाचता येत नसेल. पण तिचं अंगण होतं ते. नवं गाव किलोमीटरभर पश्चिमेला, आखीव रस्त्यांचं, आणि आज तिथे हॉटेलांची रांग आहे.

---

तांबटआळी

उंबरठा, कास्त्रीच्या लोकांना मोबदला उशिरा मिळाला हा सरकारचा दोष झाला, गाव हलवण्याचा नाही. गाव हललं म्हणून १८९६ मध्ये कांस्याचा सारथी सापडला. हातात लगाम, डोळ्यांत जडवलेली बुबुळं, पापण्यांचे केस तांब्याच्या पत्र्याचे. तो कास्त्रीच्या जमिनीत तसाच राहिला असता तर जग गरीबच राहिलं असतं. हे मी मनापासून म्हणतोय.

---

गोफण

सारथ्याबद्दल वाद नाही. पण त्याच उत्खननात देवळाच्या वरचे उत्तर-रोमन आणि बायझंटाइन थर कसे गेले तेही सांगा. रुळांवरच्या छोट्या गाड्यांत माती भरायची आणि उतारावरून खाली लोटायची. चौथ्या ते सातव्या शतकात तिथे ख्रिस्ती वस्ती होती, तिची नोंद फारशी झाली नाही, कारण शोधणाऱ्यांना फक्त अपोलो हवा होता. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरही हेच. पार्थेनॉनमधली मशीद पाडली, १८७५ मध्ये फ्रँकांचा उंच बुरूज पाडला, त्याचे पैसे ट्रॉय खणणाऱ्या श्लीमान यांनी दिले. एका काळावर प्रेम करायचं म्हणून बाकीच्यांना पुसायचं, हे मला मान्य नाही.

सळईंचा तळघराचा मुद्दा मात्र माझ्या मूळ मांडणीत जोडून घेतो. खोलीवर मर्यादा हवीच.

कॉरिंथचं उदाहरण तांबटआळी यांनी अर्धंच दिलं. जुनं गाव पूर्ण उठलं नाही. अपोलोच्या देवळाच्या खांबांशेजारी आजही वस्ती आहे, टॅव्हर्ना आहेत, आणि अमेरिकन मंडळी त्या वस्तीच्या कडेकडेने खणतात. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतं.

---

गोदाकाठ

नाशिककर म्हणून लिहिते. आमच्याकडे गोदावरीच्या काठावर जुनी गढी आहे. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळापासूनचे थर मिळाले. त्याच मातीच्या ढिगावर, अगदी कड्याच्या टोकाला, लोकांची घरं आहेत. दर पावसाळ्यात कडा ढासळतो, नोटिसा निघतात, लोक जात नाहीत कारण जायला जागा नाही.

पैठण आणि तेर यांचीही गोष्ट वेगळी नाही. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, ही दोन्ही नावं आहेत. दोन्ही गावं आज जुन्या वस्तीवर उभी आहेत. तेरला धाब्याच्या घरांच्या छतावर घालायला पांढऱ्या टेकाडांची माती पिढ्यान् पिढ्या नेली गेली आणि तिच्यातूनच मणी, नाणी, मातीच्या मूर्ती लोकांच्या हाताला लागल्या. तिथलं सरकारी संग्रहालय गावातल्या एका माणसाच्या, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या, संग्रहावर उभं आहे.

म्हणून मला गोफण यांचं म्हणणं जवळचं वाटतं, पण एक अट घालून. गावाने राखायचं असेल तर गावाला कळलं पाहिजे की आपण कशावर बसलोय. थीब्जचं संग्रहालय बरीच वर्षं बंद राहून २०१६ मध्ये नव्याने उघडलं. तिथे थीब्जजवळच्या तनाग्राच्या मातीच्या शवपेट्या आहेत, त्यांवर डोक्यावर हात घेऊन रडणाऱ्या बायका रंगवल्या आहेत. गावातल्या शाळकरी मुलांनी त्या बघितल्या की तळघर का नको हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

---

रुळावरून

उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या मेट्रोचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून मी काढतो. काम २००६ ला सुरू झालं. व्हेनिझेलू स्थानकाच्या जागी बायझंटाइन काळातला संगमरवरी फरसबंदीचा चौक, दोन्ही बाजूंना दुकानं, सगळं जसंच्या तसं सापडलं. २०१३ पासून भांडण : चौक दुसरीकडे न्यायचा, जागेवर ठेवून स्थानक बांधायचं, की तुकडे करून काढून परत आणून बसवायचा? सरकारं बदलली तसे निर्णय बदलले. शेवटी काढून परत बसवला. ३० नोव्हेंबर २०२४ ला मेट्रो सुरू झाली.

लोक आता त्या चौकावरून रोज कामाला जातात. पण काढून परत लावलेला दगड आणि न हललेला दगड एकच का? मला वाटतं नाही.

---

तांबटआळी

रुळावरून, तो चौक काढायला नको होता, इथे मी तुमच्या बाजूने आहे. पण यातून गोफण यांचाच मुद्दा पडतो. नांदतं शहर म्हटलं की मेट्रो येणार, पार्किंग येणार, सांडपाण्याची लाइन येणार. दर वेळी जुन्यालाच सरकावं लागतं.

गाव उठवा असा हट्ट आज मी धरत नाही, २०,००० लोकांना कोण उठवणार? पण माझा प्रस्ताव ऐका. अथेन्सच्या अगोराच्या (प्राचीन बाजारचौकाच्या) उत्तरेला १९८१ मध्ये 'रंगीत ओसरी' या प्रसिद्ध इमारतीचं पश्चिम टोक सापडलं. उरलेला भाग आजच्या इमारतींखाली होता. तिथे त्या इमारती एकेक करून विकत घेतल्या जाताहेत, पाडल्या जाताहेत आणि मग खणलं जातंय. सक्ती नाही, बंदोबस्त नाही. कादमियावर घर विकायला निघालं की पहिला हक्क सरकारचा, बाजारभावाने, पैसे लगेच. पन्नास वर्षांत टेकडीचा मधला भाग मोकळा होईल.

---

उंबरठा

आणि पन्नास वर्षांत मधल्या भागात दिवा लावायला कोण उरेल? अर्धे प्लॉट कुंपण घालून ठेवलेले, अर्ध्या घरांना गिऱ्हाईक फक्त सरकार. अशा गल्लीत दुकान कोण चालवणार? गाव एका दिवसात उठवा नाहीतर पन्नास वर्षांत, ते उठतंच.

---

सळई

प्रस्तावात एक दुरुस्ती सुचवतो. घेतलेला प्लॉट कायमचा उघडा ठेवायची गरज नाही. खणा, मोजा, फोटो घ्या, वाळू आणि जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं कापड) घालून परत बुजवा आणि वर तळघराशिवायचं घर उभं राहू द्या. जे खरोखर बघण्यासारखं असेल तेवढंच काचेखाली ठेवा, अथेन्सच्या नव्या अक्रोपोलिस संग्रहालयात खालची जुनी वस्ती ठेवली आहे तसं. त्यासाठी खांब कुठे टेकवायचे हे आधी ठरवावं लागतं, आणि ते जमतं. उघडं टाकलेलं दगडकाम दहा पावसाळ्यांत किती झिजतं ते मी साइटवर बघितलंय.

---

तांबटआळी

बुजवायला हरकत नाही. पण मग त्या प्लॉटचा अहवाल छापून यायला हवा, तोही खणणारा माणूस निवृत्त व्हायच्या आत. थीब्जमधल्या कितीतरी प्लॉटांची माहिती वार्षिक अहवालातल्या दोन परिच्छेदांपलीकडे गेलेली नाही. बुजवलेलं आणि न छापलेलं, दोन्ही सारखंच हरवलेलं.

---

गोफण

अहवालाच्या अटीवर मी तुमच्यासोबत सही करतो. पहिल्या हक्काच्या अटीवर नाही, उंबरठा यांनी सांगितलेल्या कारणासाठी. त्याऐवजी घरमालकाला दोन पर्याय द्या : विकायचं असेल तर सरकार घेईल, राहायचं असेल तर उत्खननाच्या काळातलं भाडं सरकार भरेल. निवड त्याची.

कादमियावर दहा-पंधरा वर्षं खोळंबलेल्या एखाद्या प्लॉटचा मालक काय निवडेल असं तुम्हाला वाटतं, तांबटआळी?