ऑइल खाली सांडत नाही, मग जातंय कुठं?

सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर

रविवार, १ मार्च

[८:१०] बी-२०३: सगळ्यांना नमस्कार. गाडीबद्दल सल्ला हवाय. गेल्या जूनमध्ये जुनी पेट्रोल गाडी घेतली, २०१४ चं मॉडेल, १२०० सीसी. रोज शाळेला अक्कलकोट, जाऊन येऊन ८० किलोमीटर. परवा येताना आसरा चौकात वळताना तेलाच्या बुधलीचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. गॅरेजला नेली तर ऑइल मोजायच्या पट्टीला ऑइलच लागेना. दीड लिटर ओतलं तेव्हा वरच्या खुणेला आलं. खाली कुठं सांडलेलं दिसत नाही. मेकॅनिक म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन उघडून, ३८ हजार. करू का?

[८:१४] ए-४०२: मॅडम, जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५०. आपल्या सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही. वर ते धूर बंद करायचं बाटलीतलं लिक्विड मिळतं, तेही टाका.

[८:१५] सी-३०४: माझ्या डिझेल गाडीचं असंच झालं होतं. टर्बोचं सील निघालं. पण यांची पेट्रोल आहे ना? टर्बो नसेल तर तो प्रश्न नाही.

[८:१६] बी-२०३: नाही वहिनी, साधं इंजिन आहे.

[८:२१] बी-१०२: मध्येच सांगतो, उद्या पहाटे पाणी सुटणार आहे, खालची टाकी भरेपर्यंत कुणी गाड्या धुऊ नका. चालू द्या.

[८:४०] ए-१०१: ताई, आधी त्या लाल दिव्याचं. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर गेलं की लागतो. ऑइल फार खाली गेलं की वळणावर ते इंजिनाखालच्या चेंबरमध्ये, जिथं ऑइल साठतं, एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तेवढा वेळ बेअरिंगला ऑइल नसतं. परत कधी लुकलुकला तर तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. घर जवळ आलंय म्हणून आणायची नाही.

[८:४१] ए-१०१: आता ३८ हजार. रिंगा गेल्या हे त्यानं कशावरून ठरवलं? प्लग काढले? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं?

[८:४३] बी-२०३: नाही काका. सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी दाखवली.

[८:५२] ए-१०१: काजळी पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरला असतेच. बोटाला कोरडी लागते की चिकट तेलकट, ते बघायचं असतं. आणि तेलकट लागली तरी ऑइल जळतंय एवढंच कळतं. रिंगांतून येतंय, व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरी सीलमधून येतंय की ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढायच्या वाटेतून, ओढलं जातंय, हे काजळी सांगत नाही. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली. कोणत्या बसला किती ऑइल टाकलं आणि मीटरवर किती होतं, हे लिहिल्याशिवाय आम्ही पुढं जात नव्हतो. इंजिन उघडायची वेळ शेवटी यायची. तुम्ही शेवट आधी करू नका.

[८:५५] बी-२०३: मग काय करू?

[९:१५] ए-१०१: शेवटचं ऑइल कधी बदललं?

[९:१७] बी-२०३: जानेवारीत, ८१,००० ला. आत्ता ८४,२०० आहे.

[९:३०] ए-१०१: म्हणजे ३,२०० किलोमीटरला दीड लिटर. हजाराला साधारण ४७० मिली. काही कंपन्यांच्या मॅन्युअलात हजाराला एक लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण चांगल्या इंजिनाला दोन सर्व्हिसच्या मध्ये सहसा ऑइल घालावंच लागत नाही. तुमचं जास्त आहे, पण इंजिन आजच बसेल असं नाही. पंधरा दिवस मोजायला मिळतात. तेवढे दिवस पट्टी रोज बघा, अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

मोजायचं कसं ते नीट वाचा. आपल्या पार्किंगची फरशी गेटाकडं उतरती आहे. तिथं पट्टी बघितली की कधी जास्त दिसेल, कधी कमी. सकाळी सुरू करायच्या आधी पट्टी बघायची असेल तर रात्रीच गाडी गणपतीच्या देवळासमोरच्या सपाट फरशीवर लावा. पट्टी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून वाचायची. पहिल्यांदा काढलेली वाचायची नाही. वहीत तारीख, मीटर, पट्टी कुठवर, एवढंच लिहा. ऑइल घालाल ते मिलीच्या खुणा असलेल्या मापानं घाला, अंदाजानं नको. आणि वरच्या खुणेच्या वर अजिबात नको. जास्त झालं की क्रँक त्यात आपटतो, फेस येतो, ब्रीदरमधून ऑइल वर ढकललं जातं. तेही परत "ऑइल खातेय" म्हणूनच दिसतं.

[९:३४] ए-४०२: काका, पण जाड ऑइलचं काय? मी माझ्या जुन्या गाडीत टाकलं होतं, धूर कमी झाला होता.

[९:४६] ए-१०१: कमी होतो, खोटं नाही. पण डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं ना, त्यातला ३० हा १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा आकडा आहे. आत ऑइल तसंही शंभरीच्या आसपास तापतं. बाहेर ३० असो की ४३, थर्मोस्टॅट कुलंटला नव्वदच्या आसपास धरून ठेवतो. मॅन्युअलात चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो, त्यातलंच घ्या. आज जाड टाकलं तर आपल्याला जे शोधायचंय तेच झाकलं जाईल. लिक्विडचंही तेच. आधी कारण, मग औषध.

[९:५०] ए-४०२: पटलं.

[१०:०५] ए-१०१: ताई, आज एवढं करा. इंजिन थंड असताना ऑइल ओतायचं झाकण उघडा, आतल्या बाजूला दुधाळ चहासारखी साय आहे का बघा. कुलंटची बाटली किती भरलीय तिथं मार्करनं रेघ मारा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफेनं हात भाजतो. ऑइल कुलंटमध्ये किंवा कुलंट ऑइलमध्ये जात असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा प्रश्न, तो आधी वगळू. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाका.

[१०:०८] सी-१०१: पुठ्ठा माझ्याकडं आहे. चादरीच्या खोक्यांचे मोठे आहेत, संध्याकाळी आणून देतो.

सोमवार, २ मार्च

[६:४०] बी-२०३: [फोटो] काका, झाकणाखाली साय नाही. पुठ्ठ्यावर रुपयाएवढे दोन डाग. एक काळपट तपकिरी, एक पाण्यासारखा.

[६:५५] ए-१०१: पाण्यासारखा एसीचा असेल, बोटानं बघा, तेलकट नसेल. दुसरा ऑइलचा. कुठल्या बाजूला?

[६:५७] बी-२०३: डावीकडं, पुढच्या चाकाच्या जवळ.

[७:१०] ए-१०१: आता हिशोब करा. वीस-पंचवीस थेंब म्हणजे एक मिली. रात्रीला चार थेंब पडले तरी महिन्याला पाच-सहा मिली. तुमचं महिन्याला पाऊण लिटरच्या वर चाललंय. म्हणजे हा डाग आहे खरा, पण सगळं ऑइल त्यातून जात नाही. उभ्या गाडीची गळती आणि पळत्या गाडीची गळती वेगळी. पळताना ऑइल वर उडतं, गॅस्केटमधून बाहेर येतं आणि गरम सायलेन्सरवर पडून जळून जातं. खाली थेंब येतच नाही. सिग्नलला थांबलात की जळका वास येतो का?

[७:१२] बी-२०३: येतो! मला वाटायचं शेजारच्या रिक्षाचा आहे.

रविवार, १५ मार्च

[७:५०] बी-२०३: काका, वही पूर्ण झाली. मीटर ८५,१५०, म्हणजे ९५० किलोमीटर. एकूण ४२० मिली घातलं. कुलंट रेघेवरच आहे.

[७:५८] ए-१०१: हजाराला ४४० च्या आसपास. कुलंट हलला नाही म्हणजे हेड गॅस्केट सध्या बाजूला ठेवू. नऊ वाजता खाली या, चिंधी, थोडं रॉकेल आणि टाल्कम पावडर घेऊन.

[८:०१] सी-३०४: पावडर कशाला काका?

[८:०९] ए-१०१: इंजिन आधी रॉकेलनं पुसून चिंध्यांनी कोरडं करायचं. मग टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेनं आणि ऑइल फिल्टरच्या खाली पावडर भुरभुरायची. तीस-चाळीस किलोमीटर चालवून आणलं की जिथून ऑइल येतं तिथं पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. कुठून सुरू झाली ते डोळ्यांनी दिसतं. तेल लागलेलं इंजिन नुसतं बघून कळत नाही, वाऱ्यानं ते सगळीकडं पसरतं. खाली चेंबरला ओलं दिसलं की लोक चेंबरचं पॅकिंग बदलतात, आणि गळत असतं वरून.

[१:२०] बी-२०३: [फोटो] अक्कलकोट नाक्यापुढं जाऊन आले. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून खाली सरळ काळी रेघ. आणि काकांनी पहिल्या सिलिंडरची कॉइल काढली तर प्लगच्या खड्ड्यात ऑइल उभं होतं.

[१:३५] ए-१०१: टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लग ट्यूबची सीलं, रबर कडक झालंय. तो पूर्ण सेट घ्या. सोबत ब्रीदरचा व्हॉल्व्हही. तो काढून हलवला तर खडखडत नाही, गच्च बसलाय. ब्रीदर अडकला की आतलं प्रेशर बाहेर जायला वाट शोधतं आणि प्रत्येक सीलमधून ऑइल ढकलतं. नवीन पॅकिंग घालून ब्रीदर तसाच ठेवला तर दोन महिन्यांत परत गळेल.

[१:४०] बी-१०२: पार्किंगमधला डाग मी कामवाल्या मावशींना पुसायला सांगतो.

[१:४१] ए-१०१: अजून पुसू नका, आठवडाभर राहू द्या. काम झाल्यावर नवीन डाग पडतो का ते जुन्याशेजारी बघायचंय.

रविवार, २९ मार्च

[७:३०] बी-२०३: पॅकिंग आणि ब्रीदर झालं. वास गेला, पुठ्ठा कोरडा. पण ८५,९५० ला पट्टी बघितली, ८०० किलोमीटरला २५० मिली लागलं. काका, अजून जातंय.

[७:४२] ए-१०१: ४४० चं ३१० झालं. सव्वाशे बाहेर जात होतं, ते थांबलं. राहिलेलं जळतंय. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना कुणी मागं उभं राहिलंय का?

[७:४४] सी-१०१: मी बघितलंय काका. पहिल्या झटक्याला निळसर पुंजका येतो, अर्ध्या मिनिटात जातो. नंतर काही नाही.

[७:५०] ए-१०१: हायवेला पिकअप देताना?

[७:५१] बी-२०३: शाळेतले सर मागून येतात, ते म्हणतात पळताना धूर नसतो.

[८:०५] ए-१०१: मग घाटात बघू. आज तुळजापूरला कोण येतंय? दर्शनही होईल.

[८:०७] सी-१०१: मी येतो, मागची गाडी माझी.

[८:२०] ए-१०१: येताना घाट उतरायला लागलो की ताई, तिसऱ्या गिअरला गाडी ठेवायची, अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढायचा. डाव्या बाजूनं, मागच्या ट्रकला जागा देऊन. सपाटीला आलो की अॅक्सिलरेटर दाबायचा. मागून दादा फोनवर शूटिंग नको, शेजारी बसलेल्यानं घ्यायचं.

[४:५५] सी-१०१: [व्हिडिओ] बघा. खाली आल्यावर पाय दिला त्या क्षणी निळा लोट, मग स्वच्छ.

[५:१०] ए-१०१: व्हॉल्व्ह सील. पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवा आत घ्यायची झडप, बंद होतो, पण इंजिन फिरत राहतं, आत जोराची ओढ तयार होते. ती व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली ओढते. परत पाय दिला की साठलेलं जळतं. सकाळचंही तेच, रात्रभर वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंबाथेंबानं उतरतं. रिंगा गेल्या असत्या तर पिकअपला सतत धूर दिसला असता.

[५:१२] ए-४०२: म्हणजे रिंगा चांगल्या, नक्की?

[५:२५] ए-१०१: अजून नक्की म्हणणार नाही. कॉम्प्रेशन मोजून घेऊ. त्यातही मेख आहे. पिस्टनवर तीन रिंगा, वरच्या दोन दाब धरतात, खालची ऑइल खरवडते. खालची कार्बननं अडकली तरी आकडे चांगले येऊ शकतात. म्हणून आकडे आणि धूर दोन्ही जुळायला पाहिजेत.

मंगळवार, ३१ मार्च

[६:१५] बी-२०३: दुसऱ्या गॅरेजला मोजलं. १६५, १७०, १६०, १६५ पीएसआय. कमी आलेल्या तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजायला लावलं, १६५ आलं, विशेष फरक नाही.

[६:२८] ए-१०१: उत्तम. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइल घातल्यावर आकडा चांगला वर उडाला असता. चारही जवळजवळ आहेत. प्लगवर?

[६:३०] बी-२०३: [फोटो] दोन प्लगवर काळा चकचकीत थर, दोन तपकिरी.

[६:४०] ए-१०१: त्या दोन सिलिंडरची सीलं जास्त गेलीत. बदलायची मात्र सगळी. आणि विचारा, हेड न उतरवता करतो का. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात, मग स्प्रिंग काढून सील बदलता येतं. हे येणारा माणूस असेल तर हेड गॅस्केटला हात लागत नाही. जुनी सीलं पिशवीत घालून परत मागा.

रविवार, १२ एप्रिल

[११:०५] बी-२०३: [फोटो] ही जुनी सीलं. नखानं दाबली तर प्लास्टिकसारखी, एक दाबताना तुटलं. नवीन रबर दोन बोटांत चेपतं. हेड उतरवलं नाही. मीटर ८६,५००.

[११:२०] ए-१०१: बारा वर्षांचं रबर आणि आपलं ऊन. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडं गाडी महिनोनमहिने उभी असणार, उभ्या गाडीचं रबर लवकर मरतं. वही चालू ठेवा.

रविवार, २६ एप्रिल

[७:१५] बी-२०३: ८७,३००. आठशे किलोमीटर झाले. पट्टी वरच्या खुणेला यायला ३० मिली लागलं. सकाळी धूर नाही. काका, दोन्ही कामांचं मिळून ३८ हजारांच्या चौथ्या हिश्शालाही पोचलं नाही. रोज पहाटे अंधारात निघताना त्या दिव्याकडं बघत बसायची, ते थांबलं.

[७:२२] ए-१०१: चांगलं झालं. दर रविवारी पट्टी मात्र बघत राहा.

[७:२५] बी-१०२: आता पुसू का तो डाग?

[७:२६] ए-१०१: पुसा.

[७:३१] सी-३०४: काका, माझ्या डिझेलची पट्टी उलट वर चढलीय, वरच्या खुणेच्याही वर. मी तर काही ओतलं नाही.

[७:३३] ए-१०१: वहिनी, सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असलेली नवी डिझेल गाडी ना? गावातल्या गावात फिरली की फिल्टर साफ करायला जादा डिझेल टाकलं जातं, ते ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल चालवू नका. आज गाडी हलवू नका, मी चहा घेऊन खाली येतो. पट्टी माझ्यासमोर काढा, वास घेऊन बघू.