अनुभव धागा: जुने नाट्यगृह पुन्हा उभे करताना (गोवा)

नूतनीकरणाची चर्चा दर्शनी भाग आणि खुर्च्यांच्या रंगातच अडकते. छप्पर, भिंत, मंच, वीज यांत हात काळे केलेल्यांनी थेट मुद्द्याचे लिहावे. आठवणींना वेगळा धागा आहे.

चिरेबंदी
गळती शोधायची ती भर पावसात. मेमध्ये कोरड्या छपरात काही कळत नाही. माळ्यावर चढून ठिबकते त्या वाशावर खडूने खूण करा. दोन उतार मिळतात त्या पन्हळीत पाने तुंबतात आणि पाणी उलटे कौलांखाली शिरते. बहुतेक 'छपराचा दोष' एवढाच असतो. खरे दुखणे जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा. चिरा ओल ओढतो, सिमेंट ती बाहेर सोडत नाही, आतून क्षार फुगतात. ठोकून बघा, पोकळ वाजेल. तो सगळा उतरवून भिंत एक उन्हाळा उघडी सुकवा, मग चुना १ : वाळू ३, पातळ दोन हात, वर ओले गोणपाट. खाडीची खारी वाळू अजिबात नको. आणि वरून प्लास्टिक पेंट मारणार असाल तर हे सगळे करूच नका.

विंगेतला
सिनेमागृहाचे नाट्यगृह करताना पहिली अडचण मंचाच्या खोलीची, म्हणजे पुढून मागेपर्यंतच्या अंतराची. पडद्यामागे जेमतेम तीन-चार मीटर, विंगा नाहीतच. पुढच्या रांगा काढून मंच पुढे आणतात, पण मग समोरचा लाइट बार (दिवे टांगायचा दांडा) जवळजवळ डोक्यावर येतो आणि नटाच्या डोळ्यांत काळोख. बारही प्रेक्षकांच्या बाजूला सरकवा, नटाच्या चेहऱ्यावर प्रकाश साधारण ४५ अंशांच्या कोनात पडेल असा. संगीत नाटक होणार असेल तर ऑर्गन-तबल्याची जागा आधीच धरा.

कान_देऊन
४००० घनमीटरच्या दालनात घुमणे (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) १.२ सेकंदांवर आणायचे, तर सॅबिनच्या सूत्राने ०.१६१ × ४००० ÷ १.२, म्हणजे सुमारे ५३७ चौरस मीटर आवाजाचे शोषण लागते. त्यातले बरेचसे प्रेक्षकच करतात. म्हणून लाकडी खुर्च्यांचे सभागृह तालमीला घुमते आणि प्रयोगाला बरे वाटते. गादीच्या खुर्च्यांनी हा फरक कमी होतो. पणजीच्या कला अकादमीत (वास्तुरचना चार्ल्स कोरिया) सभागृहाच्या भिंतींवर मारियो मिरांदांची चित्रे आहेत. अशा भिंतींवर पॅनेल ठोकता येत नाहीत. शोषण छतात आणि मागच्या भिंतीत शोधावे लागते.

डिमर_रूम
स्पीकर गुणगुणतोय? आधी माइकच्या केबल डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) तारांपासून वेगळ्या करा, ओलांडायच्याच तर काटकोनात. जुन्या रबरी वेष्टनाच्या तारा जोडत बसू नका, बदला.

विंगेतला
@चिरेबंदी बाब, मंचाच्या फळ्यांखाली हवा खेळती ठेवा हेही लिहायला हवे होते. जोती बंदिस्त केली की वाळवी ठरलेली.

पडदेवाला
पावसाळ्यात प्रयोग कमी, एसी बंद, आणि मखमलीवर बुरशी. प्रयोग नसला तरी आठवड्यातून दोनदा पंखे लावून पडदे पूर्ण उघडा-मिटा. धुतल्यावर अग्निरोधक लेप बहुधा निघून जातो. तो पुन्हा मारा, आणि शिवणीतली एक चिंधी कापून बाहेर अंगणात काडी लावून तपासा. ज्योत काढल्यावर जळत राहिली तर पडदा टांगू नका.