जेलवर फक्त लॅडर दिसतो तेव्हा : अनुभव धागा

एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं) जमून येत नाही, जेलवर आपल्या तुकड्याचा बँड (पट्टा) नाही, नुसता मोजमापाचा लॅडर, आणि फ्रीज सहाजणांत एक. 'चिकाटी ठेवा' सोडून काय सांगाल?

पिपेटवाली
तीच रिअ‍ॅक्शन दहादा लावणं म्हणजे हट्ट झाला. एका रनला एकच गोष्ट बदला. सुरुवात पॉझिटिव्ह कंट्रोलपासून: आधी चाललेला डीएनए, त्याचेच प्रायमर (प्रत कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे). तो आला तर एन्झाइम, बफर, मशीन ठीक आहेत. मग स्वतःचा डीएनए 10 पट, 100 पट पातळ करून लावा. पानांतून काढलेल्या डीएनएत पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड उरतात, त्यांनी टॅक (प्रती काढणारं एन्झाइम) अडतं. (जास्त डीएनए घातला की ठळक बँड, हा समज पहिल्या महिन्यात सगळ्यांचाच.) त्यानंतर अ‍ॅनिलिंगचा (प्रायमर चिकटण्याच्या तापमानाचा) ग्रेडियंट, टीएमच्या (प्रायमर सुटण्याच्या तापमानाच्या) 5 अंश खालून. साध्या टॅकला 72 अंशांवर दर किलोबेसला (डीएनएच्या 1000 अक्षरांना) 1 मिनिट द्या.

बिनडीएनएची ट्यूब
निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (डीएनए न घातलेल्या ट्यूबमध्ये) बँड आला की लॅबमध्ये भांडण ठरलेलं. 'कोणी केलं?' विचारलंत तर पुढच्या वेळी कोणी कबूल करणार नाही. पाणी, बफर, प्रायमर एकेक करून नव्या अ‍ॅलिकोटने (छोट्या ट्यूबमध्ये काढलेल्या वाट्याने) बदला. बहुतेकदा सामाईक पाण्याची बाटलीच निघते. झालेल्या पीसीआरच्या ट्यूब उघडायचं टेबल आणि पिपेट वेगळे ठेवा.

फ्रीजचा पहारेकरी
कोरड्या प्रायमरवर जितके नॅनोमोल लिहिलेत त्याच्या 10 पट मायक्रोलिटर पाणी घाला, 100 मायक्रोमोलर स्टॉक तयार. वापरायला त्यातून 10 मायक्रोमोलरची छोटी अ‍ॅलिकोट. नाव, तारीख, कॉन्सन्ट्रेशन लिहून वर सेलोटेप लावा, कारण इथेनॉलने मार्कर पुसला जातो. आमचा एकच नियम: शेवटची अ‍ॅलिकोट उचलणाऱ्याने नवी करून ठेवायची.

टीएई
जेल चालवायच्या 50एक्स (50 पट दाट) बफरच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत '50एक्स' लिहा. 20 मिली बफर, 980 मिली पाणी. कोणीतरी तसाच ओततो, टँक तापतो, जेल वितळतो आणि दोष प्रायमरला.

वहीवाला
8 नमुने, 2 कंट्रोल, म्हणजे मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळं एकत्र) 11 चा. पिपेटच्या टोकाला थोडा राहतोच. फसलेल्या जेलचा फोटोही वहीत चिकटवा, शेजारी एन्झाइमचा लॉट नंबर. चौघांचे जेल एकाच आठवड्यात रिकामे गेले तर आधी ते नंबर जुळवा.