वेबॅक मशीनवरची जुनी मराठी पानं वाचायची कशी?

प्रश्न : अक्षरधन

२००१ ते २००५ या काळातली मराठी दैनिकांची आणि सरकारी खात्यांची बरीच पानं वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात, सापडतात, मूळ संकेतस्थळांवर ती राहिलेली नाहीत. तेव्हा ‘संकेतस्थळ’ लिहीत की ‘वेबसाइट’, एखाद्या मंत्र्याचं निवेदन मुळात कोणत्या शब्दांत होतं, हे पडताळायचं आहे. पण पान उघडलं की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. मजकूर परत मिळेल का? आणि उतारा देताना तारीख कोणती धरायची?

उत्तर : टंकखिळा

मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, हरवलेला असतो तो फॉन्ट. युनिकोड (प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरत. पानाबरोबर ईओटी ही फॉन्टची फाइल उतरायची आणि इंटरनेट एक्सप्लोरर ती लावायचा. ही फाइल सहसा ठरावीक डोमेनला बांधलेली असे आणि आजचे ब्राउझर ती वाचतच नाहीत. त्यामुळे संग्रहात ती असली तरी उपयोग नाही.

पत्त्यात १४ आकड्यांचा वेळशिक्का असतो. त्याला चिकटून रोमन लिपीत ‘आयडी’ आणि एक अंडरस्कोर टाका. वरची पट्टी आणि बदललेले दुवे जाऊन मूळ बाइट मिळतात. फाइल उतरवून घ्या, पण एडिटरमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) म्हणून उघडून सेव्ह करू नका. १२७ च्या वरचे बाइट तिथे प्रश्नचिन्हं होतात आणि मग ते कायमचे गेले. पायथॉनमध्ये लॅटिन-१ म्हणून वाचा. विंडोज-१२५२ म्हणून नको, त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच बाइट रिकामे असल्याने प्रोग्राम मध्येच अडतो.

मग सोर्समध्ये ‘फॉन्ट फेस’ शोधा. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश असं काही नाव सापडेल. कोणत्या बाइटचं कोणतं देवनागरी अक्षर हे सांगणारा तक्ता त्याच फॉन्टचा हवा, दुसऱ्याचा चालत नाही.

उत्तर : रफार

नुसत्या तक्त्याने काम भागत नाही, कारण हे फॉन्ट दिसण्याच्या क्रमाने लिहिलेले असतात, उच्चाराच्या नाही. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी फाइलमध्ये सगळ्यांत आधी येते. ती एकाच तुकड्यापुढे सरकवणारा कन्व्हर्टर ‘सि्थती’ तयार करतो. आजही कितीतरी संकेतस्थळांवर हे ‘सि्थती’ दिसतं, त्याचं मूळ हेच. वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यायला हवी. रफाराचं उलटं असतं. ‘कर्ता’मध्ये तो तकार आणि काना यांच्यानंतर येतो, त्याला दोन्ही ओलांडून मागे आणावं लागतं.

शिवाय कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘भ’ म्हणजे अर्धा भ अधिक काना. म्हणून तक्त्यातले लांब क्रम आधी बदला, एकेरी बाइट नंतर. पहिली २० वाक्यं डोळ्यांनी तपासा, त्यातही ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि ‘त्र’.

उत्तर : कालनिर्देश

तारखेबाबत काळजी घ्या. वेळशिक्का म्हणजे पान संग्रहात घेतल्याची वेळ, मजकूर प्रसिद्ध झाल्याची नव्हे. त्यावरून एवढंच म्हणता येतं की तोपर्यंत हे शब्द तिथे होते. शिवाय ती वेळ यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, असते. शिक्का २००४०३३११९१५०० असेल तर भारतात १ एप्रिल २००४, रात्रीचे पाऊण वाजलेले होते. निवेदन ‘३१ मार्चपर्यंत मागे घेतलं होतं का’ असा वाद असेल तर हे साडेपाच तास निर्णायक ठरतात.

निवेदनात मागाहून शब्द बदलले का, हे पाहायला वेबॅकची सीडीएक्स यादी, म्हणजे त्या पत्त्याच्या सगळ्या प्रतींची नोंद, काढा. प्रत्येक नोंदीत डायजेस्ट, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा, असतो. सलग नोंदींत तो तोच असेल तर फाइल बाइटगणिक तीच. बदलला म्हणजे लगेच मजकूर बदलला असं मात्र नाही, पानावरचा वाचकगणक हलला तरी डायजेस्ट बदलतो. दोन्ही मूळ फाइली शेजारी ठेवून फरक बघा. चौकटींत विभागलेल्या पानांत बातमीची चौकट वेगळ्या दिवशीची निघू शकते, तेव्हा तिचा शिक्का स्वतंत्र नोंदवा.

अक्षरधन

रूपांतर जमलं, ‘स्थिती’ नीट आली. पण ‘दुसऱ्या’ शोधल्यावर निम्मेच उतारे सापडतात.

उत्तर : रफार

हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा शून्यरुंदी जोडक आणि य. शोधण्याआधी सगळे एकाच रूपात आणा, शक्यतो पहिल्या. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र युनिकोड क्रमांक २००८ मध्ये मिळाला, त्याआधीच्या मजकुरात अ आणि वर चंद्र असे दोन वेगळे संकेत सापडतील. मूळ बाइटांची फाइल मात्र जशीच्या तशी वेगळी ठेवा. तक्त्यात चूक निघाली तर रूपांतर तिथूनच पुन्हा करता येतं.