एकोणिसाव्या शतकातलं मराठी गद्य: 'दलित व स्त्री लेखन' हे वेगळं सत्र ठेवावं का?

गद्यवाचक
मराठी विभागाचं दोन दिवसांचं चर्चासत्र आहे, पुढे निबंधांचा संपादित ग्रंथ. विषय १८४० ते १९०० मधलं वैचारिक गद्य. कच्च्या आराखड्यात लोकहितवादी, चिपळूणकर, आगरकर, धर्मचर्चा, नियतकालिकं अशी सत्रं आहेत आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर 'दलित व स्त्री लेखन'. वक्ते जवळजवळ सगळे पुण्या-मुंबईचे. निबंध मागवणारं निवेदन अजून काढलेलं नाही. काय बदलावं?

जुनी_नियतकालिकं
ते सत्र काढून टाका आणि त्यातले निबंध विषयाप्रमाणे इतर सत्रांत घाला. फुल्यांच्या शाळेतल्या मांग समाजातल्या विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकात आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमच्याकडे धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद आहे. याची जागा धर्मचर्चेच्या सत्रात. तिथे तो नसेल तर मिशनरी आणि शास्त्री यांच्या वादालाच आपण शतकाची धर्मचर्चा म्हणत बसू. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ची, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला चालला त्यावरून पेटून लिहिलेली. ती चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'शेजारी वाचायला हवी, कारण खंडनमंडनाची भाषा दोन्हीकडे आहे. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली, म्हणजे तो वाद त्या काळातही बायकांपुरता नव्हता.

शिवाय निवेदनात 'ग्रंथ' हा शब्द नको. 'ग्रंथ, नियतकालिकांतले लेख, पत्रं, पत्रकं, निवेदनं, अर्ज' असं स्पष्ट लिहा. ज्यांना छापखाना परवडत नव्हता त्यांचं लेखन १८७७ पासूनच्या, सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधू'सारख्या वृत्तपत्रांत विखुरलेलं आहे. ग्रंथसूचीवरून विषय ठरवले की ते आपोआप गळतं.

तालुका_कॉलेज
खर्चाचं आधी बोला. नोंदणी शुल्क आणि 'प्रवासखर्च नंतर मिळेल' या दोन गोष्टींमुळे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि शिष्यवृत्ती रखडलेले संशोधक अर्जच करत नाहीत. त्यांचं शुल्क माफ करा, तिकीट आयोजकांनी काढावं, राहण्याची सोय आदल्या रात्रीपासून द्यावी. हे निवेदनातच छापा. नंतर शुल्कमाफी मागायला लावणं अपमानाचं असतं.

निवेदन ते सारांश किमान दहा आठवडे द्या. सारांश ३०० शब्दांचा पुरे. पूर्ण निबंध आधीच मागितला तर ज्यांना अभिलेखागारापर्यंत जायला रजा काढावी लागते ते मागे पडतात. स्वीकारलेल्यांना हव्या त्या मजकुराच्या स्कॅन प्रती विभागाने पुरवाव्यात. चर्चासत्रात याहून उपयोगी मदत दुसरी नाही.

गद्यवाचक
सारांशांवरची नावं झाकून निवड केली तर?

संपादनसहाय्य
जरूर झाका, पण तेवढ्याने भागत नाही. भाषा आणि संदर्भसूची पाहून माणूस कुठला ते कळतंच. परीक्षकांना लेखी निकष द्या: प्रश्न नवा आहे का, पुरावा कोणता, युक्तिवाद पुढे सरकतो का. प्रमाण लेखनाला या टप्प्यावर गुण नकोत. ते काम मुद्रितशोधनात होतं. नाहीतर 'भाषा कच्ची' या शेऱ्याखाली चांगले प्रश्न बाद होतात.

खरी गडबड कामाच्या वाटणीत असते. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये समाजशास्त्रांबद्दल दाखवून दिलं की सिद्धान्त काहींच्या वाट्याला आणि अनुभव-माहिती बाकीच्यांच्या. मराठी विभागांतही हेच होतं: दलित संशोधकाला 'जातीचा अनुभव', बाईला 'स्त्रीप्रतिमा', आणि बीजभाषण, प्रस्तावना, 'गद्याची संकल्पना' मात्र ठरलेल्या लोकांकडे. तेव्हा वक्त्यांच्या यादीआधी बीजभाषण, सत्राध्यक्ष आणि ग्रंथाचे सहसंपादक ठरवा, तेही निवेदन निघण्यापूर्वी. निवेदनाचा मसुदा सहसंपादकांनीच मिळून लिहावा. विषय ठरल्यावर बोलावलेल्या माणसाला फक्त होकार द्यायचा उरतो. आणि चिपळूणकरांच्या शैलीवरचा निबंध या ठरलेल्या लोकांत कधीच न आलेल्या कुणाकडे तरी द्या, आग्रहाने द्या.