डावा मेंदू, उजवा मेंदू आणि सकाळी सातची शाळा

खडूफळा:
काल इथे कुणीतरी लिहिलं: मूल बघून, ऐकून की करून शिकतं ते चाचणीने ठरवा, डाव्या-उजव्या मेंदूचे गट पाडा, मग शिकवा. खाली दादर-मुलुंडच्या पालकांची विचारणा, 'चाचणी कुठे होते?' राहवलं नाही म्हणून लिहितोय. शैली जुळवून शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच हे संशोधन तपासून सांगितलंय. नकाशा बघूनच कळतो, कवितेची चाल ऐकूनच. मग मूल कुठल्याही 'शैली'चं असो. आणि डाव्या-उजव्या मेंदूचं खूळ ज्यावरून निघालं ते मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींचं काम, १९८१ चं नोबेल ज्यासाठी होतं, त्यात अपस्माराच्या रुग्णांच्या दोन गोलार्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने कापलेला होता. तुमच्या मुलांचा शाबूत आहे.

पार्लेकरीण:
म्हणजे चित्रं, प्रयोग बंद? पुन्हा खडू आणि बडबड?

खडूफळा:
बंद करा असं कुठे लिहिलंय? सगळं सगळ्यांना द्या, शिक्के मारू नका.

मागचं पान:
नुसतं खोडून काढण्यापेक्षा काय करायचं ते सांगते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग: एक उतारा चार वेळा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, ८३ टक्के. एकदा वाचून तीनदा न बघता आठवणारे ७१. आठवड्याने उलटं झालं, ४० विरुद्ध ६१. म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं, पुस्तकं बंद, चार प्रश्न: दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. तोंडी विचारलं की हात वर करणाऱ्या पाचांचाच सराव होतो, बाकीचे पंचावन्न ऐकत बसतात. उत्तरं लगेच फळ्यावर, नाहीतर चूकच पक्की होते. गुण अजिबात नकोत. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणं आलं.
गणितातही हेच. सरावसंचात एकाच जातीची दहा उदाहरणं असतात, रीत निवडावीच लागत नाही. आजची सहा द्या आणि चार मागची मिसळा. अंकगणिती श्रेढीत विसावं पद काढायचं की वीस पदांची बेरीज, हे ओळखण्यातच दहावीची मुलं अडकतात.

चौथा तास:
पद्धत चांगली, पण यात मेंदूविज्ञान कुठे आहे? हे मानसशास्त्र. शिक्षणाचे अभ्यासक जॉन ब्रुअर यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की पेशींपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधायला जाऊ नका. शरीरशास्त्र खरंच वापरायचंय तर शाळेची वेळ बदला. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवतं, चौदा वर्षांच्या मुलाला अकराच्या आत झोप लागत नाही. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलं की झाली साडेसहा तास. हवी किमान आठ. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी नको म्हटलं. आपल्या शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नऊची वेळ दिली ती चौथीपर्यंत! ज्यांचं घड्याळ सरकलेलंच नाही, त्यांना.

पार्लेकरीण:
लहानग्यांना झोप नको का? आणि मुंबईत इमारत एक, अधिवेशनं दोन: सकाळी माध्यमिक, दुपारी प्राथमिक. माध्यमिक साडेआठला भरवा, मग दुपारचं दोनला सुरू होऊन साडेसातला सुटेल. पहिलीची पोरं रात्री घरी?

चौथा तास:
मग अदलाबदल करा.

पार्लेकरीण:
करून दाखवा! चौथीपर्यंतच्यांना नऊच्या आत बोलवायचं नाही, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.

चौथा तास:
पाचवी ते सातवी सकाळी, आठवी ते दहावी दुपारी. एवढं तरी होईल.

खडूफळा:
दुपारची शाळा सव्वासहाला सुटते, क्लास सात ते नऊ, मग जेवण, गृहपाठ. झोपायला बारा. क्लासची वेळ हलवल्याशिवाय हिशोब जुळत नाही. आणि विषय शिकवण्याचा होता, धागा व्हॅनच्या फेऱ्यांवर जाणार आता.

चौथा तास:
पेंगणाऱ्या मुलाला तासाच्या सुरुवातीचे ते चार प्रश्न काय उपयोगाचे? दिवसभराचं शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. विषय हाच आहे. क्लासचं मात्र मान्य, ते मी धरलं नव्हतं.

मागचं पान:
वेळ बदलेपर्यंत वेळापत्रक तरी बदला. पहिल्या तासाला नवं गणित नको, मैदान द्या. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ अलीकडे ओढतो.

पार्लेकरीण:
जुलैत मैदानात गुडघाभर पाणी असतं, ताई.

मागचं पान:
बरोबर, जून ते सप्टेंबर मैदान धरू नका. ऑक्टोबरपासून मात्र पी.टी. शेवटच्या तासाला ढकलू नका, आणि पोर्शन उरला म्हणून तो तास गणिताला देऊ नका.