खाणीत पाणी किती येणार, याचा एकच आकडा देता येतो का?

घोडबंदरकर: भाचा ऐरोलीत एका सल्लागाराकडे आहे. नागपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीच्या अहवालात ‘ताशी इतके घनमीटर पाणी’ असा एकच आकडा टाक म्हणतात, म्हणून वैतागलाय. मला तो आकडा थापच वाटते. आमच्या सोसायटीत दोन बोअर आहेत, मध्ये पंधरा पावलं. एकाला धो धो पाणी, दुसऱ्यात नुसती धूळ!

खडकवेडा: काका, ठाण्याचा काळा पाषाण इथे लावू नका. त्यात पाणी भेगांतून येतं, भेग चुकली की बोअर कोरडी. नागपूरकडे कोळशाच्या वर कामठी वालुकाश्म आहे, तिथे पाणी दाण्यांमधल्या पोकळ्यांतही असतं. एक बोअर उपसायची, शेजारच्या बोअरमधली पातळी किती वेळात किती उतरली ते मोजायचं आणि खाण ही एक मोठी विहीर धरून हिशेब करायचा. सच्छिद्र थरातून पाणी किती झिरपेल ते सांगणारा डार्सीचा नियम १८५६ चा आहे, थाप कसली? आणि आकडाच नसेल तर पंप कशाच्या जोरावर निवडणार?

घोडबंदरकर: विहिरीचं छत कोसळत नाही हो. खाणीत कोळशाचे खांब काढले की वरचा खडक खाली बसतो, भेगा वर चढतात. तुमची चाचणी त्याच्या आधीची.

सावनेर_रिटर्न: मी खाणीत खाली काम केलंय, आता कळव्यात असतो. चालू खाणीत पाणी मोजतात ते बहुधा पंपाचे तास गुणिले पंपाची क्षमता. पण कोळशाच्या कणांनी इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, झिजतो, पंप कमी फेकतो आणि वहीत आकडा नव्या पंपाचाच राहतो. नालीत व्ही-नॉच, म्हणजे V आकाराची खाच असलेली फळी, बसवा, पट्टीवर पाण्याची उंची वाचा. स्वस्तात काम होतं.
बाकी झिरपा, म्हणजे खडकातून हळूहळू येणारं पाणी, माणूस मारत नाही. धनबादजवळची चासनाला कोळसा खाण, २७ डिसेंबर १९७५: वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातून (आधी खणून सोडलेल्या भागातून) पाणी फुटलं, पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. अशाच धोक्यासाठी जुन्या कामांत साठलेल्या पाण्याच्या ६० मीटरच्या आत आलं की पुढे बोअर मारत मारतच सरकायचं, असा नियम आहे.

खडकवेडा: मान्य, पण तो सुरक्षेचा विषय. झिरप्याच्या हिशेबात कशाला मिसळता?

सावनेर_रिटर्न: कारण अहवाल वाचणारा शेवटच्या पानावरचा आकडा बघतो आणि निर्धास्त होतो. मी पाहिलेत असे साहेब.

घोडबंदरकर: आत्ताच भाच्याला फोन केला. जुन्या कामांचे नकाशे? ‘मागवलेत, आले नाहीत.’ आणि अहवाल सोमवारी द्यायचाय.